आश्रयकुंड हवें कीं नको?

भिवंडीहून ठाण्याकडे येणारा प्रवासी राहनाळ, काल्हेर, कशेळी अशीं गांवें मागें टाकीत खाडीपाशीं येतो. वाटेंत दोहों बाजूंना त्याला गोदामें दिसतात, मधूनमधून उरलेलीं भातखाचरें दिसतात. पण पुलावरून ओहोटीच्या वेळीं खालीं पाहिलें तर निराळेंच दृश्य असतें. काळ्या चिखलांतून तिवरांचीं श्वासमुळें बोटाबोटाएवढीं वर आलेलीं असतात, आणि त्या गर्दींत निवट्या उड्या मारीत असतात. भरती चढली कीं याच मुळांच्या आडोशाला बोय माशांचीं पिलें आणि कोळंबीचीं पोरें येऊन राहतात. मोठ्या माशाला तेथें शिरतां येत नाहीं. पाणी मात्र शिरतें, फिरतें, आणि परत खाडींत जातें. जातांना त्या आडोशांत वाढलेल्या जीवांचा कांहीं अंश बरोबर घेऊन जातें. एकाच पाण्याचे हे दोन भाग आहेत. एकांत झुंज चाललेली असते आणि दुसऱ्यांत आसरा मिळतो.

निसर्गाची हीच युक्ति घरच्या सागरी मत्स्यालयांत योजतात. मुख्य पेटीला जोडलेली एक लहानशी टांकी किंवा कप्पा करावयाचा, पेटींतलेंच पाणी त्यांतून सावकाश फिरवावयाचें, त्यांत समुद्री शेवाळ व सूक्ष्म जीव वाढूं द्यावयाचे, आणि मोठ्या माशांना तेथें मज्जाव करावयाचा. या योजनेला रेफ्युजियम असें लॅटिन नांव आहे. मराठींत त्याला आश्रयकुंड म्हणावयास हरकत नाहीं. असें कुंड घरच्या प्रवाळ-मत्स्यालयास जोडावें कीं जोडूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न लहान वाटतो. पण ज्या घरांत तो उठतो त्या घरीं तो लहान राहत नाहीं. राहनाळ येथीलच एका घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. गृहस्थ एका गोदामांत हिशेबनीस, पत्नी शाळेंत शिक्षिका, घरांत वृद्ध आजी आणि दहा वर्षांची मुलगी. दिवाणखान्यांत चार फूट लांब व दीड फूट रुंद अशी कांचेची पेटी, तींत सुमारें २०० लिटर खारें पाणी. दोन नारिंगी-पांढरे विदूषक मासे, आणखी चार लहान मासे, आणि खडकांवर मऊ जातीचीं प्रवाळें. वर्षभर पेटी शोभिवंत होती. मग खडकांवर केंसासारखें हिरवें शेवाळ माजूं लागलें, प्रवाळें अंग आंखडून बसलीं, आणि पाण्याची परीक्षा केली तेव्हां नायट्रेटचें प्रमाण दर लिटरला ४० मिलिग्रॅम निघालें. दुकानदारानें सल्ला दिला कीं, खालच्या टांकींत आश्रयकुंड करा, म्हणजे पाणी आपोआप सुधारेल. आणि मग मुलीला हवा असलेला रंगीबेरंगी मँडरिन मासाही निर्धास्तपणें आणतां येईल.

गृहस्थांना हें तत्काळ पटलें. "खालीं एक कप्पा पाडला कीं झालें," ते म्हणाले, "सगळी घाण शेवाळ खाऊन टाकील."

पत्नी वह्या तपासत होती. तिनें मान वर करून विचारलें, "अहो, शेवाळ घाण खाईल हें खरें, पण खाल्लेलें जाईल कोठें? पेटींतच ना?"

या एका प्रश्नांत सर्व विषय सामावलेला आहे.

समुद्री प्राणी घरांत जगविण्याची खटपट सुमारें पावणेदोनशें वर्षांची आहे. १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळें लंडनला आणलीं. पाण्यांत प्राणवायु राहावा म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पाणी ओतीत असे. पुढें बाईंनीं त्या पाण्यांत समुद्री वनस्पति ठेवून पाहिल्या. वनस्पतीनें प्राण्याचा भार हलका करावा ही कल्पना अशी एका घरांतच अजमावली गेली. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें आपले निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यानें गोड्या पाण्यांत सोनमासे व पाणवनस्पति एकत्र ठेवल्या होत्या. परंतु वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें गोगलगाई सोडल्या, त्यांनीं तो कुजका भाग खाल्ला, आणि मग कोठें समतोल साधला. अर्थात् नुसती वनस्पति ठेवून भागत नाहीं, तिचें पुढें काय होतें इकडेही पाहावें लागतें, हा धडा या शास्त्राच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

चार वर्षांनीं, १८५४ मध्यें, फिलिप हेन्री गॉस यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला आणि इंग्लंडांत घरोघरीं सागरी पेट्यांचें वेड पसरलें. लोकांनीं किनारे इतके खरवडले कीं, खडकांमधील जिवंत कुंडें ओस पडलीं. वडिलांना याचा फार खेद झाला, असें त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनीं १९०७ च्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. घरांत समुद्र आणण्याच्या नादांत समुद्रांतला समुद्र उणा होतो ही तक्रार त्या काळापासूनची आहे.

पुढें १९६१ मध्यें जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं जीवजंतूंनीं भरलेले समुद्री खडक, सूर्यप्रकाश व हवेचे बुडबुडे यांवरच पेटी चालवून दाखविली. अमेरिकेंत स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर ॲडी यांनीं उथळ पट्ट्यांवर दाट शेवाळ वाढवून व तें वेळोवेळीं खरवडून पाणी निर्मळ राखण्याची पद्धति बसविली. आजचें आश्रयकुंड हें या सर्व प्रयत्नांचें घरगुती अपत्य होय.

आतां हें कुंड करतें तरी काय, तें पाहावयाचें. पेटींत जें खाद्य पडतें त्यांत प्रथिनें असतात, आणि प्रथिनांत नत्र असतें. मासा तें खातो, त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपानें टाकतो. जिवाणु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. येथपर्यंतचें काम खडकांतील जिवाणु उत्तम करतात. पण नायट्रेट बाहेर टाकण्याचें काम त्यांना तितकेंसें साधत नाहीं. खडकाच्या व वाळूच्या खोल, प्राणवायुहीन भागांत थोड्या नत्राचा वायु होऊन तो उडून जातो, बाकीचें पाण्यांतच सांचत राहतें. शेवाळ तें नत्र व त्याबरोबर स्फुरद शोषून घेऊन आपलें अंग वाढवितें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मासे खत घालतात आणि शेवाळ पीक काढतें.

पण उभें पीक म्हणजे घरांत आलेलें धान्य नव्हे. शेवाळ कुंडांत असेतोंवर त्यांतील नत्र त्याच पाण्याच्या स्वाधीन असतें. प्रकाश कमी पडला, लोह संपलें, कीं शेवाळ कुजूं लागतें आणि वर्षभर सांठविलेलें सर्व देणें एका आठवड्यांत परत करतें. पेटींतून नत्र खरोखर बाहेर जातें तें शेवाळ हातानें उपटून, पाणी निथळून, घराबाहेर नेलें जातें त्या क्षणीं. ज्या मुलखांत आगरी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खार जमिनींत भात काढलें, त्या मुलखांत कापणीवांचून पीक हातीं येत नाहीं हें सांगावयास नको. आश्रयकुंड हेंही एक शेतच आहे. त्याच्या कापणीला दर आठवड्यास कोणी तरी उभें राहिलें पाहिजे.

राहनाळच्या त्या शिक्षिकेनें वहींत मांडला असता तो हिशेब असा. घरांत दिवसाकांठीं सुमारें २ ग्रॅम सुकें खाद्य पेटींत पडतें. त्यांत ४५ टक्के प्रथिनें धरलीं, आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र असतें हें लक्षांत घेतलें, तर रोज ०.१४ ग्रॅम, म्हणजे आठवड्यास सुमारें १ ग्रॅम नत्र पेटींत येतें. एवढ्या सर्व नत्राचें नायट्रेट झालें तर तें सुमारें साडेचार ग्रॅम भरेल, आणि २०० लिटर पाण्यांत दर आठवड्यास लिटरमागें २२ मिलिग्रॅमची भर पडेल. प्रत्यक्षांत थोडें नत्र माशांच्या वाढींत जातें, थोडें फेसावाटे मळ काढणाऱ्या स्किमर यंत्रानें निघतें, म्हणून वाढ याहून कमी दिसते. पण बोजा केवढा आहे हें या आंकड्यावरून कळतें.

आतां दुसरी बाजू. पाणी निथळलेल्या १०० ग्रॅम शेवाळांत १० ग्रॅम कोरडा भाग आणि त्यांत ३ टक्के नत्र असा माफक अंदाज धरावा. म्हणजे १०० ग्रॅम ओलें शेवाळ उपटलें असतां ०.३ ग्रॅम नत्र बाहेर जाईल. आठवड्याचें १ ग्रॅम नत्र शेवाळानेंच काढावयाचें तर दर आठवड्यास ३०० ग्रॅमांहून अधिक शेवाळ उपटावें लागेल. पेटीखालच्या कपाटांत १५-२० लिटरांच्या कप्प्यांत एवढें पीक सातत्यानें काढणें सोपें नाहीं. १०० ग्रॅमांची कापणी नियमानें झाली तरी पुष्कळ झाली असें समजावें. म्हणजे चालूं बोज्यापैकीं एक-तृतीयांश गेला, दोन-तृतीयांश राहिला. कुंड जोडूनही प्रवाळें आंखडलेलींच राहतील आणि मग दोष कुंडाला लागेल.

पाणी बदलण्याच्या जुन्या उपायाशीं याची तुलना केली तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. नायट्रेट लिटरमागें ४० मिलिग्रॅम असतांना ४० लिटर पाणी काढून तितकेंच ताजें खारें पाणी घातलें, तर १.६ ग्रॅम नायट्रेट निघून जातें. तेवढें नत्र काढावयास १२० ग्रॅम शेवाळ लागेल. पण नायट्रेट १० वर उतरल्यावर तेंच ४० लिटर पाणी बदलून ०.४ ग्रॅमच निघतें, म्हणजे अवघ्या ३० ग्रॅम शेवाळाचें काम होतें. पाणी जितकें घाण तितका पाणी बदलण्याचा उपाय जबर. पाणी सुधारत जातें तसतसा तो दुबळा पडतो. शेवाळाचें तसें नसतें. अन्न अगदींच संपेपर्यंत तें आपल्या गतीनें वाढत राहतें. म्हणून दुखणें जुनें व मोठें असतां प्रथम पाणी बदलावें, आणि प्रकृति सुधारल्यावर ती टिकविण्याकरितां शेवाळाची नेमणूक करावी, हा क्रम सयुक्तिक ठरतो. दुकानदाराचा सल्ला खोटा नव्हता, त्यानें क्रम मात्र उलटा सांगितला.

स्फुरदाविषयीं एक सूचना येथेंच केली पाहिजे. मोठ्या समुद्री शेवाळांत स्फुरदाच्या एका अणूमागें नत्राचे सरासरी तीसेक अणु असतात. म्हणजे तें नत्र अधिक व स्फुरद थोडें घेतें. पाण्यांतील नायट्रेट शून्यावर आलें आणि फॉस्फेट शिल्लक राहिलें, तर शेवाळाची वाढ थांबते व फॉस्फेट तसेंच राहतें. शिवाय प्रवाळांनाही अन्न लागतेंच. पाणी अगदीं निर्धन करणें हा पराक्रम नव्हे. लिटरमागें ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यांत मऊ प्रवाळें सुखानें नांदतात.

नत्र काढण्याखेरीज आश्रयकुंडाचे आणखी दोन उपयोग आहेत, आणि कित्येकदां तेच अधिक मोलाचे असतात. पहिला पाण्याच्या सामूसंबंधीं आहे. दिवसा दिव्यांच्या प्रकाशांत पेटींतील वनस्पति कर्बवायु घेतात. रात्रीं सर्वच जीव तो सोडतात. त्यामुळें दिवसा ८.३ च्या आसपास असलेला सामू पहांटेपर्यंत ८ च्या खालीं उतरूं शकतो. आश्रयकुंडाचा दिवा रात्रीं, वरच्या पेटीचे दिवे मालवल्यावर, लावला तर खालचें शेवाळ रात्रभर कर्बवायु घेत राहतें आणि हा चढउतार सौम्य होतो. दारें-खिडक्या बंद करून वातानुकूलित केलेल्या खोलींत याचा लाभ विशेष दिसतो.

दुसरा उपयोग सूक्ष्म जीवांचा. शेवाळाच्या जटांमध्यें कोपेपॉड व ॲम्फिपॉड या जातींचे बारीक कवचधारी जीव निर्धास्तपणें वाढतात. त्यांचीं पिलें पाण्याबरोबर वर जाऊन माशांना व प्रवाळांना ताजें खाद्य होतात. तिवरांच्या मुळांतून खाडीस जें मिळतें तेंच हें. मात्र या उत्पन्नाला मर्यादा आहे. मँडरिन मासा दिवसभर खडकांवरून हेच जीव टिपीत हिंडतो. सुक्या खाद्याला तो सहसा तोंड लावीत नाहीं. लहान पेटींतील सर्व कोपेपॉड तो थोड्याच आठवड्यांत फस्त करतो आणि नंतर, दिसावयास तसाच देखणा, पण पोटानें खपाटीला जात जात मरतो. अनुभवी मंडळी ३०० लिटरांहून मोठी आणि वर्षभर मुरलेली पेटी असल्यावांचून या माशाचें नांव काढीत नाहींत. २०० लिटरांच्या पेटीला १५ लिटरांचें कुंड जोडल्यानें ही अट पुरी होत नाहीं.

शेवाळाची निवड करतांना कीटोमॉर्फा या जातीस प्राधान्य द्यावें. भांडीं घासण्याच्या तारेच्या गुंडाळीसारखें तें दिसतें, कोठेंही मुळें रोवीत नाहीं, आणि हवें तेवढें ओंजळीनें उचलतां येतें. कॉलर्पा नांवाचें शेवाळ अधिक शोभिवंत व जलद वाढणारें असतें. परंतु कधीं कधीं तें एका रात्रींत पुनरुत्पादनास लागतें, सर्व अंगांतील सत्त्व पाण्यांत सोडतें आणि पांढरें पडून विरघळतें. त्याची दुसरी कीर्ति याहून वाईट आहे. याच कुळांतील एक जाति १९८४ मध्यें मोनॅको येथील सागर-संग्रहालयाखालच्या समुद्रांत दिसून आली, आणि पुढें भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर मैलोगणती पसरून तिनें तेथील मूळच्या पाणगवताला उपद्रव दिला. म्हणून उपटलेलें शेवाळ, जुनें पाणी किंवा नको झालेला प्राणी खाडींत, ओढ्यांत किंवा गटारांत टाकणें हा अपराधच मानावा. शेवाळ गोड्या पाण्यांत रात्रभर बुडवून, उन्हांत खडखडीत वाळवून मगच केरांत टाकावें. राहनाळच्या घरापासून खाडी दूर नाहीं, हें विसरतां कामा नये.

आतां घरच्या अडचणी. पहिली विजेची. आश्रयकुंड बहुधा पेटीखालच्या टांकींत करतात आणि पंपानें पाणी वर चढवितात. वीज गेली कीं पंप थांबतो आणि वरच्या पेटींतील पाणी कांठापर्यंत उतरून खालीं येतें. चार फूट लांब व दीड फूट रुंद पेटींत पाण्याची पातळी अवघी ३ सेंटिमीटर उतरली तरी सुमारें १६ लिटर पाणी खालीं येतें. खालच्या टांकींत तेवढी जागा रिकामी ठेवली नसेल तर तें दिवाणखान्यांत येतें. हौसेनें कुंड मोठें करतांना हीच रिकामी जागा प्रथम बळी पडते. कुंड बसविल्यावर पंपाची कळ मुद्दाम बंद करून पाहावी. पाणी कांठाखालीं थांबलें तरच काम पुरें झालें असें म्हणावें. शिवाय अंधारांत शेवाळही प्राणवायु घेतें, देत नाहीं. दीर्घ काळ वीज नसतां तें माशांचा मित्र नसून वाटेकरी असतें. म्हणून घटमालेवर चालणारा एक लहान हवेचा पंप घरीं असावा. आश्रयकुंडाच्या आधीं त्याची खरेदी करावी.

दुसरी अडचण उष्म्याची. प्रवाळांना २५ ते २७ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. एप्रिल-मे महिन्यांत भिवंडीकडील हवा याच्या पुष्कळ वर जाते. त्यांत आणखी एक दिवा व आणखी एक पंप म्हणजे उष्णतेंत भर. शीतयंत्र असल्यास त्याचें काम वाढतें. पंख्याच्या वाऱ्यानें पाणी थंड राखीत असल्यास पाण्याची वाफ अधिक होते, आणि मीठ मागें राहून खारेपणा दर हजारीं ३५ भागांच्या वर सरकतो. ही तूट रोज गाळलेल्या गोड्या पाण्यानें भरावी लागते. टँकरचें वा कूपनलिकेचें पाणी क्षार न काढतां वापरलें तर नत्र-स्फुरद काढण्याचा सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

कायद्याचीही एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ मध्यें खडक रचणारीं सर्व कठीण प्रवाळें, काळें पोवळें, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे तसेच समुद्रघोडे यांचा समावेश करण्यांत आला. समुद्रांतून हीं उचलणें, विकणें किंवा बाळगणें हा गुन्हा आहे; वाघाला जें संरक्षण तेंच यांना. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामापूर्वीं २०२० मध्यें वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या वसाहती शास्त्रज्ञांकडून उचलवून अन्यत्र लावाव्या लागल्या, त्याही रीतसर परवानगी घेऊनच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादींतील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचें बंधनही आलें आहे. तेव्हां घरच्या पेटींत मऊ प्रवाळेंच असावींत, खडक मनुष्यकृत असावेत, आणि पावत्या जपून ठेवाव्या. विदूषक माशांची पैदास मनुष्याच्या देखरेखीखालीं करण्याची विद्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मंडपम् केंद्रानें साध्य केली आहे, आणि खाडीपलीकडे ऐरोलीलाही अशा शोभेच्या माशांच्या पैदाशीचा उपक्रम कांदळवन प्रतिष्ठानानें हातीं घेतला. समुद्रांतून पकडलेल्या माशाऐवजीं असा पैदास केलेला मासा घेणें हेंही आश्रय देणेंच आहे.

इतकें झाल्यावर राहनाळच्या त्या घरीं परत जावयास हरकत नाहीं. शिक्षिकेनें वहीची एक पाटी पेटीशेजारीं टांगली आणि खाद्य घालील त्यानें रेघ ओढावी असें ठरविलें. पहिल्या संध्याकाळींच उलगडा झाला. सकाळीं कामावर जातांना गृहस्थ चिमूटभर खाद्य घालीत. दुपारीं "बिचारे तोंड वासून पाहतात" म्हणून आजी घालीत. आणि शाळेंतून आल्यावर मुलगी घाली. प्रत्येकाच्या मनांत आपणच एकटे घालतों अशी समजूत. मासे तीनदां जेवत होते आणि प्रवाळें त्याचें प्रायश्चित्त घेत होतीं.

आजींना सांगणें अवघड होतें. "अगं, उपाशी ठेवायचे का जीव?" त्या म्हणाल्या. सुनेनें नम्रपणें उत्तर दिलें, "उपाशी नाहीं हो आई. एकदांच घालूं, आणि तें तुमच्याच हातून. पण दोन मिनिटांत संपेल तेवढेंच." हा तोडगा आजींना मानवला, अधिकार त्यांच्याकडे राहिला आणि खाद्य निम्म्यावर आलें.

निम्म्या खाद्यानें नवा हिशेब असा होतो. आठवड्यास येणारें नत्र १ ग्रॅमऐवजीं अर्धा ग्रॅम. महिनाभर दर रविवारीं ४० लिटर पाणी बदलून जुना सांठा खालीं आणावयाचा. त्यानंतर लहानसें आश्रयकुंड जोडलें आणि आठवड्यास १०० ग्रॅम शेवाळ उपटलें, तर ०.३ ग्रॅम नत्र त्यावाटे जाईल. उरलेलें ०.२ ग्रॅम स्किमरला व थोड्या पाणी-बदलाला सहज आंवरतें. जें कुंड पूर्वीं एक-तृतीयांश भार उचलून हिणविलें गेलें असतें, तेंच आतां अर्ध्याहून अधिक भार उचलतें. कुंड तेंच राहिलें आणि शेवाळही तेंच राहिलें. हात तेवढा आंवरला गेला.

तेव्हां हवें कीं नको, याचें उत्तर प्रत्येक घरानें तीन प्रश्नांवरून काढावें. पेटींत किती जीव व किती खाद्य आहे याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय? दर आठवड्यास शेवाळ उपटावयास एक ठराविक माणूस व एक ठराविक वार आहे काय? आणि वीज गेली असतां उतरणारें पाणी झेलण्यापुरती रिकामी जागा उरते काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थीं असेल तर आश्रयकुंड अवश्य जोडावें. तें पाण्यास स्थैर्य देईल, सामू राखील, प्रवाळांना ताजें खाद्य पुरवील. एकाचेंही उत्तर नकारार्थीं असेल तर तो पैसा मीठ व गाळलेलें पाणी यांवर खर्चावा. आणि आणखी मासे ठेवतां यावेत एवढ्याच हेतूनें कुंड हवें असेल, तर तें मुळींच जोडूं नये. ज्या आसऱ्याच्या भरंवशावर गर्दी वाढते तो आसरा राहत नाहीं.

राहिला मुलीच्या मँडरिन माशाचा प्रश्न. त्या रविवारीं वडिलांनीं तिला खाडीपुलाकडे नेलें. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारीत होत्या, आणि उथळ पाण्यांत नखाएवढीं पिलें चमकत होतीं. "बाबा, हे सगळे मोठे होतील?" तिनें विचारलें. "सगळे नाहीं," ते म्हणाले, "जेवढ्यांना येथें जागा आणि खायला मिळेल तेवढेच."

मुलगी थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या पेटींत तो मासा उपाशी राहील."

वडिलांनीं मान हलविली. घरीं परतल्यावर तिनें पाटीवर माशाच्या नांवाऐवजीं एक वार लिहिला. शेवाळ उपटण्याचें काम तिनें आपल्याकडे मागून घेतलें होतें, आणि त्यासाठीं तिनें शनिवार ठरविला होता.